‘कास्ट’ हा शब्द आला कोठून?

केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी आगामी जनगणनेत सर्व जातींची नोंद घेण्याचा निर्णय जाहीर केला. वृत्तसंस्थांच्या इंग्रजी बातम्यांतील ‘कास्ट सेन्सस’ हे शब्द आणि मराठी वृत्तपत्रांतील ‘जातनिहाय जनगणना’ हा त्यांचा प्रतिशब्द त्याआधीपासूनच रूढ होते. ‘कास्ट’ म्हणजे जात, हे समीकरण इतके अंगवळणी पडले आहे की त्याविषयी शंका घेण्याचे कोणालाही कारण वाटत नाही. शाळेत प्रवेश घेताना ‘कास्ट सर्टिफिकेट’ मागितले जाते आणि पालक मुकाट्याने जातीचा दाखला पुढे करतात. परंतु हा शब्द मूळचा इंग्रजी नाही आणि भारतीय तर नाहीच नाही. तो पोर्तुगीज आहे. भारतीय समाजाचे वर्णन करण्यासाठी त्याचा जो आरंभीचा लिखित वापर सापडतो, त्यातील दोन महत्त्वाच्या नोंदी गोव्यात झालेल्या आहेत.

पोर्तुगीज भाषेत ‘कास्ता’ म्हणजे वाण, पैदास, कुळी. हा शब्द माणसांसाठी राखून ठेवलेला नव्हता. घोड्यांची कास्ता असे, गुरांची असे, झाडांचीही असे. आजही पोर्तुगालमधील द्राक्षमद्याच्या बाटलीवर ‘कास्तास’ असा शब्द छापलेला दिसतो आणि त्यापुढे त्या मद्यासाठी वापरलेल्या द्राक्षांच्या वाणांची नावे येतात. मराठी वाचकाला यात चमत्कारिक असे काही वाटू नये. मानकुराद ही आंब्याची जात, मुसराद ही दुसरी जात, हे आपण सहज म्हणतो. भाताच्या जाती असतात, म्हशींच्या असतात. ‘जन्’ या संस्कृत धातूपासून आलेला ‘जाति’ हा शब्द जन्माशी आणि त्यामुळे प्रकाराशी जोडलेला आहे. तेव्हा कोकणच्या किनाऱ्यावर उतरलेल्या पोर्तुगिजाने ‘जात’ हा शब्द ऐकला आणि त्याला आपला ‘कास्ता’ आठवला, तर भाषांतर म्हणून ते मुळीच वाईट नव्हते. दोन्ही शब्द झाडापासून माणसापर्यंत सारखेच पसरलेले होते.

‘कास्ता’चे मूळ कोणते, याबद्दल भाषाशास्त्रज्ञांत दोन मते आहेत. जुने आणि लोकप्रिय मत असे, की तो लॅटिन ‘कास्तुस’पासून आला. कास्तुस म्हणजे शुद्ध, निष्कलंक. इंग्रजीतील ‘चेस्ट’ अर्थात सोवळा, शीलवान, हा त्याचाच वंशज; ‘इन्सेस्ट’ म्हणजे निषिद्ध शरीरसंबंध, तोही त्याच घरातला. दुसरे मत तो गॉथिक भाषेतील, पशूंच्या पिलावळीसाठी वापरल्या जाणाऱ्या एका शब्दापर्यंत नेते. शब्दाच्या जुन्या वापरात जनावरांची पैदास वारंवार येते, हे पाहता दुसऱ्या मताचे पारडे हलके म्हणता येत नाही. मात्र व्युत्पत्ती कोणतीही असो, पंधराव्या-सोळाव्या शतकापर्यंत आयबेरियन द्वीपकल्पात या शब्दाला शुद्धतेचा वास येऊ लागला होता आणि त्याचे कारण कोशात नसून इतिहासात आहे.

स्पेनमधील तोलेदो शहरात १४४९ मध्ये एक नियम करण्यात आला. ज्यांचे पूर्वज ज्यू होते, अशा ख्रिस्ती माणसांना शहरातील अधिकारपदे मिळू नयेत, असा तो नियम होता. बाप्तिस्मा घेतला तरी रक्त बदलत नाही, ही त्यामागची धारणा. पुढे ‘रक्तशुद्धी’च्या अशा अटी स्पेन-पोर्तुगालमधील धर्मसंस्था, विद्यापीठे आणि सरदारी संघ यांत पसरल्या. जुना ख्रिस्ती आणि नवा ख्रिस्ती असा भेद समाजात रुजला. कोणाची ‘कास्ता’ कोणती, हा प्रश्न द्राक्षाच्या वेलीविषयी विचारण्याइतका निरुपद्रवी राहिला नाही. थोडक्यात, पोर्तुगीज भारतात आले ते कोऱ्या मनाने आले नव्हते. जन्माने माणसाची पायरी ठरवण्याची एक रीत त्यांच्या गाठोड्यातच होती, आणि तिचा शब्दही.

येथे एका माणसाची हकीकत सांगणे आवश्यक आहे. पणजीत चर्चच्या चौकासमोरच्या नगरपालिकेच्या उद्यानाला गार्सिया द ओर्ता याचे नाव आहे. संध्याकाळी तेथे बसणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो कोणी पोर्तुगीज वैद्य होता, एवढेच ठाऊक असते. ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात त्याचे जाणे-येणे होते. शहाचा तो वैद्य आणि स्नेही होता. मुंबई बेट काही वर्षे त्याच्याकडे खंडाने होते. इथल्या वनस्पती, मसाले आणि औषधी द्रव्ये यांवर त्याने संवादाच्या रूपात लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. भारतात छापल्या गेलेल्या पहिल्या काही पुस्तकांत त्याची गणना होते आणि लुईस द कामोंइश या महाकवीची पहिली मुद्रित कविताही याच ग्रंथाच्या आरंभी आहे. या ग्रंथात ओर्ता बोलता बोलता इथल्या लोकांविषयी एक निरीक्षण नोंदवतो. कोणीही आपल्या बापाचा धंदा सोडत नाही आणि चांभारकाम करणारे सगळे एकाच ‘कास्ता’चे असतात, असा त्याचा आशय. भारतीय समाजासंबंधी हा शब्द आजच्या अर्थाच्या इतक्या जवळ जाऊन वापरल्याचे हे फार जुने मुद्रित उदाहरण आहे.

हे वाक्य लिहिणारा ओर्ता स्वतः कोण होता? त्याचे आईवडील ज्यू होते. १४९२ मध्ये स्पेनमधून ज्यूंची हकालपट्टी झाल्यावर ते पोर्तुगालमध्ये आले आणि १४९७ मध्ये तेथील ज्यूंवर सक्तीचा बाप्तिस्मा लादला गेला. ओर्ता म्हणजे ‘नवा ख्रिस्ती’. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन आले. ओर्ता १५६८ मध्ये वारला, तेव्हा त्याच्यावर कारवाई झालेली नव्हती. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले. त्यानंतर १५८० मध्ये ओर्ताची हाडे कबरीतून उकरून जाळण्यात आली. दुसऱ्यांच्या कास्ताविषयी सहज लिहून गेलेल्या माणसाला स्वतःच्या कास्तातून मेल्यावरही सुटका मिळाली नाही.

दुसरी नोंद ओर्ताच्या ग्रंथानंतर चारच वर्षांनी झाली. १५६७ मध्ये गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने आपल्या ठरावांत इथल्या हिंदूंच्या रीतिभातींचा विचार केला. हे लोक कमी-अधिक प्रतिष्ठेच्या ‘कास्तां’मध्ये विभागलेले आहेत, ख्रिस्ती माणसांना ते खालच्या पायरीचे समजतात आणि वरच्या कास्ताचा मनुष्य खालच्याबरोबर अन्नपाणी घेत नाही, असे परिषदेने म्हटले. वंश, धंदा, रोटीव्यवहार आणि उच्चनीचता या साऱ्या गोष्टी एका शब्दाखाली प्रथमच इतक्या स्पष्टपणे गोळा झाल्या. पुढील शतकांत युरोपीय लेखकांनी ‘कास्ट’ची जी व्याख्या केली, तिचा आराखडा इथेच तयार झालेला दिसतो. परिषदेची तक्रार मुख्यतः अशी होती की ही प्रथा धर्मांतराच्या आड येते. प्रत्यक्षात धर्मांतर झाले तरी ती प्रथा गेली नाही. गोव्यातील ख्रिस्ती समाजात बामण, चारदो, सुदीर हे भेद लग्नाच्या बोलणीत आजही अधूनमधून डोके वर काढतात. ज्या दोषावर परिषदेने बोट ठेवले होते, तो तिच्याच कळपात राहिला.

जुन्या गोव्यातील गोऱ्या वस्तीतही पायऱ्या होत्याच. पोर्तुगालमध्ये जन्मलेला तो ‘रेनॉल’, म्हणजे खुद्द राजाच्या मुलखातला. पोर्तुगीज आईबापांच्या पोटी भारतात जन्मलेला तो ‘कास्तिसो’. मिश्र विवाहाची संतती ती ‘मेस्तिसो’. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच प्रवाशाने या नावांची नोंद केली आहे. यातील ‘कास्तिसो’ हे विशेषण ‘कास्ता’वरूनच आले; चांगल्या वाणाचा, अस्सल, असा त्याचा अर्थ. मराठीत त्याला ‘जातिवंत’ याहून नेमका प्रतिशब्द सापडणार नाही. गंमत अशी, की त्याच काळात अटलांटिकच्या पलीकडे मेक्सिकोमध्ये स्पॅनिश लोक ‘कास्तास’ हा शब्द मिश्र रक्ताच्या लोकांसाठी वापरू लागले होते. एकाच शब्दाने एका टोकाला अस्सलपणा सांगितला आणि दुसऱ्या टोकाला सरमिसळ.

इंग्रजांनी हा शब्द भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उचलला. निकोलस विदिंग्टन या व्यापाऱ्याने १६१३ च्या सुमारास गुजरातेतील बनियांचे वर्णन करताना, त्यांच्यात तीसहून अधिक ‘कास्ट’ असून ते एकमेकांबरोबर जेवत नाहीत, अशी नोंद केली. त्या वेळी या शब्दाच्या शेवटी आजचे ‘ई’ हे अक्षर नसे. फेकणे, ओतणे या अर्थाचा ‘कास्ट’ हा जुना इंग्रजी शब्द आणि हा पोर्तुगीज पाहुणा यांचे लेखन एकच होते. शेवटी ‘ई’ जोडण्याची रीत फ्रेंचांकडून आली आणि इंग्रजीत ती १८०० नंतर स्थिरावली. उच्चार मात्र सारखाच राहिला. देवनागरीत तर दोन्ही एकसारखेच लिहावे लागतात. चित्रपटाची ‘कास्ट’ आणि अर्जातील ‘कास्ट’ यांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. चित्रपटातला शब्द नॉर्स भाषेतून इंग्रजीत आलेला आहे.

या सारख्या उच्चारामुळे एक गोंधळही झाला. ‘आउटकास्ट’ म्हणजे बाहेर फेकलेला, हा इंग्रजीतील पुष्कळ जुना शब्द. त्याचा जातीशी संबंध नव्हता. एकोणिसाव्या शतकात इंग्रज लेखकांनी त्याच्या शेवटी ‘ई’ जोडून जातीबाहेरचा अशा अर्थाचा दुसरा ‘आउटकास्ट’ घडवला. कानाला दोन्ही एकच. ज्याला समाजाने बाहेर फेकले तो आणि जो जातीबाहेरचा गणला गेला तो, यांतील अंतर इंग्रजी कानाला मग जाणवेनासे झाले. ‘हाफ-कास्ट’ हा मिश्र वंशाच्या माणसासाठीचा हिणवणारा शब्दही इंग्रजी साम्राज्याबरोबर ऑस्ट्रेलियापर्यंत पोहोचला. अलीकडे हा शब्द पुन्हा अमेरिकेच्या कायद्यात शिरला आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअॅटल शहराने भेदभावबंदीच्या कायद्यात ‘कास्ट’चा समावेश केला, तसे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. कॅलिफोर्निया राज्यातील अशाच विधेयकावर तेथील गव्हर्नरांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नकाराधिकार वापरला. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही या दोन घटनांची चर्चा झाली.

आता मूळ प्रश्नाकडे यायला हवे. ‘कास्ता’ने ‘जाती’चे भाषांतर बरे केले, पण इंग्रजी ‘कास्ट’ तेवढ्यावर थांबला नाही. भारतीय ग्रंथांतील ‘वर्ण’ या संकल्पनेलाही तोच शब्द चिकटवण्यात आला. चार वर्ण म्हणजे ‘फोर कास्ट्स’, आणि कोकणातील एखाद्या गावातली लहानशी जात हीही ‘कास्ट’च. वर्ण ही चार खणांची ग्रांथिक मांडणी आहे. जात ही लग्न कोणात करायचे आणि पंगतीत कोठे बसायचे, हे ठरवणारी प्रत्यक्षातली गोष्ट आहे आणि जातींची संख्या हजारांत जाते. अमुक जात कोणत्या वर्णात बसते, यावर पेशवाईतही वाद झाले आणि नंतरही झाले. हे वाद ज्या दोन शब्दांमधल्या अंतरातून निर्माण होतात, ते अंतरच इंग्रजीत लोप पावले. बाहेरच्या वाचकाला मग असे वाटू लागले की चार मोठ्या जाती आहेत आणि बाकीच्या त्यांच्या फांद्या. हा समज आजही अनेक इंग्रजी पाठ्यपुस्तकांत आढळतो.

ही गल्लत ओळखणाऱ्यांत मराठी अभ्यासक आघाडीवर होते. पुढे महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे शिल्पकार ठरलेले डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात केलेल्या अभ्यासातून १९०९ मध्ये भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावर इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. हा शब्द परका आहे याची जाणीव ठेवूनच त्यांनी जातीची व्याख्या केली: सभासदत्व जन्माने मिळणारा आणि गटाबाहेर लग्न करण्यास मनाई असणारा समूह. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील एका परिसंवादात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातीच्या उगमावर निबंध वाचला. त्यात त्यांनी युरोपीय अभ्यासकांच्या व्याख्या एकेक करून तपासल्या. केतकरांच्या व्याख्येचे महत्त्व त्यांनी मान्य केले, मात्र जन्माने सभासदत्व आणि बाहेर लग्नबंदी ही दोन वेगळी लक्षणे नसून एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, हे दाखवून दिले. या निबंधातील सर्वांत मार्मिक विधान व्याकरणातले वाटावे असे आहे. एकवचनी ‘कास्ट’ ही वास्तवात नसतेच, जाती नेहमी अनेकवचनातच असतात, हा त्याचा आशय. एका गटाने दार लावून घेतले की उरलेले आपोआप बाहेरचे होतात. द्राक्षाचा एक वाण दुसऱ्या वाणावाचून राहू शकतो. जात दुसऱ्या जातीवाचून राहू शकत नाही. ‘कास्ता’ या शब्दात नेमकी हीच गोष्ट सामावत नव्हती. मालवणात जन्मलेल्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ मधील आपल्या ग्रंथात व्याख्येच्या एका वाक्याऐवजी जातीची लक्षणे वेगवेगळी मांडण्याचा मार्ग पत्करला, हेही या संदर्भात सूचक आहे.

राज्यकर्त्यांना मात्र असल्या सूक्ष्म भेदांशी कर्तव्य नव्हते. त्यांना तक्ता हवा होता. मुंबई इलाख्यात आर्थर स्टील याने दख्खनमधील जातींच्या चालीरीतींचे संकलन १८२७ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हापासून ‘कास्ट’ हा सरकारी कागदपत्रांतील रकाना होत गेला. १९०१ च्या जनगणनेत हर्बर्ट रिस्ले याने जातींची सामाजिक प्रतिष्ठेनुसार उतरंड लावण्याचा घाट घातला आणि आपले नाव वरच्या ओळीत यावे यासाठी ठिकठिकाणच्या ज्ञातिसंस्थांनी सरकारकडे अर्ज केले. शब्दाने वर्णन करायचे सोडून घडवायला सुरुवात केली होती. १९३५ च्या कायद्याने ‘शेड्यूल्ड कास्ट्स’ ही संज्ञा दिली आणि तीच ‘अनुसूचित जाती’ या रूपात संविधानात आली. येथे मात्र हा शब्द शोषितांच्या हाती हक्काचे साधन म्हणून आला, हेही तितकेच खरे.

मराठीच्या स्वतःच्या घरातही गोंधळ कमी नाही. ‘जातीय दंगल’ असे वृत्तपत्रात छापून आले की वाचकाला दोन धर्मांतील दंगल समजते. १९३२ च्या ‘कम्युनल अवॉर्ड’ला मराठीत ‘जातीय निवाडा’ म्हणतात, तो याच वापरामुळे. त्यामुळे जातींमधील हाणामारीची बातमी देताना ‘जातीय’ लिहावे, ‘जातिविषयक’ लिहावे की सरळ दोन जातींची नावे द्यावीत, ही अडचण उपसंपादकांपुढे नेहमी उभी राहते. शिवाय ‘ज्ञाती’ आहे. संस्कृतात त्याचा अर्थ भाऊबंद, सगोत्र; मराठीत तो जातीचा सोवळा पर्याय होऊन बसला. गोव्यात तर बोलताना ‘जात’ हा शब्द शक्यतो टाळलाच जातो. ‘कोणत्या समाजाचे?’ असे विचारले जाते. विचारायचे असते तेच. शब्द तेवढा मऊ.

पण ‘समाज’ हा शब्द नेहमीच आडपडदा नसतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोव्यातील देवळांच्या सेवेशी बांधल्या गेलेल्या निरनिराळ्या समूहांनी, इतरांनी लावलेली अवमानकारक नावे टाकून, ‘गोमंतक मराठा समाज’ हे एक नाव धारण केले. कला, शिक्षण आणि सार्वजनिक जीवनात या समाजाने मिळवलेले स्थान सर्वज्ञात आहे. नाव बदलणे ही तेथे वरवरची गोष्ट नव्हती; आपण कोण हे आपणच सांगण्याचा तो हक्क होता. ‘कास्ट’ या कोणत्याही रकान्यात ही घटना मावणारी नाही.

आगामी जनगणनेत नेमकी हीच कसोटी लागणार आहे. १९३१ च्या जनगणनेत ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या होत्या. स्वातंत्र्यानंतर जनगणनेत केवळ अनुसूचित जाती व जमाती मोजल्या गेल्या. २०११ मध्ये स्वतंत्रपणे झालेल्या सामाजिक-आर्थिक व जात पाहणीत लोकांना मोकळेपणाने जात सांगायला लावले, तेव्हा ४६ लाखांहून अधिक नावे जमा झाली, असे केंद्र सरकारने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्रावर सांगितले. महाराष्ट्रात अधिसूचित जातींची संख्या ४९४ असताना पाहणीत ४,२८,६७७ नावे आली. लोकांनी जात म्हणून पोटजात सांगितली, कूळ सांगितले, आडनाव सांगितले. एकाच नावाचे लेखन दहा प्रकारांनी झाले. सरकारने ही माहिती निरुपयोगी ठरवली. परंतु ‘तुमची कास्ट कोणती?’ या प्रश्नाला माणसे इतकी निरनिराळी उत्तरे देतात, याचा एक अर्थ असाही होतो की प्रश्नातला शब्द एकच असला तरी उत्तर देणाऱ्यांच्या मनातली वस्तू एक नाही.

गोव्यासाठी या कसोटीला आणखी एक बाजू आहे. १९३१ मध्ये गोवा ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हता, त्यामुळे त्या जुन्या तक्त्यांचा आधार बेळगाव, इंदूर किंवा ग्वाल्हेर येथील मराठी समाजाला जसा मिळतो, तसा गोमंतकीयांना मिळत नाही. गावडा, कुणबी आणि वेळीप यांना ‘जात’ नव्हे तर ‘जमात’ म्हणून मान्यता मिळाली ती २००३ मध्ये. त्यांच्यातील ख्रिस्ती कुटुंबांनाही ती लागू आहे, कारण जमातीच्या नोंदीस धर्माची अट नाही. अनुसूचित जातीच्या नोंदीस मात्र ती आहे. एका शब्दाऐवजी दुसरा शब्द लागला की दाखला बदलतो, आणि दाखला बदलला की नोकरीतील व विधानसभेतील राखीव जागेवरचा दावाही बदलतो. जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ अशी ठरली आहे. भारतीय संघराज्याची जनगणना गोव्यातील प्रत्येक घराला हा प्रश्न प्रथमच विचारणार आहे, १५६७ च्या परिषदेनंतर ४६० वर्षांनी.